जोडणी ‘वाढली’ म्हणजे मेंदू सावरला, असं नाही

मोटर न्यूरॉन डिसीजमध्ये हालचाल चालवणाऱ्या चेतापेशी हळूहळू मरतात; एएलएस (अमायोट्रॉफिक लॅटरल स्क्लेरोसिस) हा त्याचा सगळ्यात जास्त आढळणारा प्रकार. या रुग्णांच्या मेंदूचं जाळं तपासताना काही अभ्यासांना हालचालीच्या भागांतली जोडणी कमी झालेली दिसते, तर काहींना वाढलेली. ‘वाढली’ हा शब्द वाचून घरच्यांना आशा वाटते आणि इथेच घोळ होतो. म्हणून आधी नेमकं काय मोजलं जातं ते पाहू.

‘जोडणी’ या एकाच शब्दात दोन वेगळ्या गोष्टी येतात. पहिली म्हणजे प्रत्यक्ष तंतू. डिफ्युजन एमआरआयमध्ये पाण्याचे रेणू तंतूंच्या दिशेने किती शिस्तीत सरकतात ते कळतं. एएलएसमध्ये ही शिस्त मेंदूतून मज्जारज्जूकडे उतरणाऱ्या प्रेरक (हालचालीचे आदेश नेणाऱ्या) मार्गात ढळते. डाव्या-उजव्या मेंदूला जोडणाऱ्या कॉर्पस कॅलोझमच्या मधल्या भागातही, जिथून दोन्हीकडच्या मोटर कॉर्टेक्सचे (मेंदूच्या हालचाल चालवणाऱ्या बाह्य थराचे) तंतू जातात, ती ढळलेली असते. या निष्कर्षाबद्दल फारसा वाद नाही.

दुसरी गोष्ट कार्यात्मक जोडणी, आणि ती तार नव्हे, गणित आहे. रुग्ण काही न करता पडून असतो, दर दोन सेकंदांनी मेंदूची एक प्रतिमा घेतली जाते, दहा मिनिटांत 300 होतात. रक्तातल्या प्राणवायूचा संकेत 0.01 ते 0.1 हर्ट्झ इतक्या संथपणे हेलकावतो. दोन भागांचे हेलकावे एका लयीत असले की ते ‘जोडलेले’ म्हणायचे. स्वस्थ पडलेल्या माणसाच्या डाव्या-उजव्या मोटर कॉर्टेक्सची लय जुळते हे भरत बिस्वाल आणि सहकाऱ्यांनी 1995 मध्ये दाखवलं, तिथून हे शास्त्र उभं राहिलं.

आता ऑक्सफर्डच्या गटाचा 2011 चा अभ्यास पाहा. प्रेरक तंतूंची हानी झालेल्या जाळ्यातच कार्यात्मक जोडणी वाढलेली आढळली आणि ज्यांचा आजार हळू सरकत होता त्यांचे आकडे निरोगी लोकांच्या जवळचे होते. वाढ जर मेंदूची भरपाई असती, तर हळू सरकणाऱ्या आजारात ती जास्त दिसायला हवी होती. मला पटतं ते दुसरं स्पष्टीकरण: मोटर कॉर्टेक्समध्ये उत्तेजना आवरून धरणाऱ्या निरोधक चेतापेशी कमजोर पडतात, लगाम सुटतो आणि शेजारचे भाग एकत्र डोलू लागतात. याला चुंबकीय उत्तेजनाच्या चाचणीचा आधार आहे. डोक्यावर आधी एक हलका चुंबकीय ठोका, काही मिलिसेकंदांनी दुसरा जोरदार ठोका दिला, की निरोगी माणसात स्नायूचा प्रतिसाद दबतो. एएलएसमध्ये तो पुरेसा दबत नाही, आणि हे आजाराच्या सुरुवातीलाच दिसू शकतं.

मग काही ठिकाणी घट का दिसते? रुग्ण कोणत्या टप्प्यावर आहे याने फरक पडतो. पण खूपशी कारणं स्कॅनरमध्येच असतात. श्वासपटल कमजोर झालं की पाठीवर सपाट पडून राहणं जड जातं. त्यामुळे अभ्यासात त्यातल्या त्यात बरे रुग्णच उरतात. उथळ श्वासाने रक्तात कार्बन डायऑक्साइड साचतो, तो रक्तवाहिन्या रुंदावतो आणि चेतापेशींनी काहीच केलं नसताना संकेत बदलतो. लाळ साचली की गिळताना डोकं हलतं. अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही कमी हालचाल जवळच्या भागांची जोडणी खोटी वाढवते आणि दूरच्यांची खोटी घटवते. रुग्ण निरोगी माणसापेक्षा जास्त हलतो, त्यामुळे हा दोष दोन गटांतला ‘फरक’ म्हणून छापला जाऊ शकतो. नंतर संगणकावर प्रतिमा सरळ करून हे पूर्ण निघत नाही. खराब प्रतिमा वगळाव्या लागतात, दोन्ही गटांची हालचाल सारखी आहे का हे तपासावं लागतं, श्वासाची नोंद ठेवावी लागते.

शिवाय मेंदूचे 90 भाग धरले तर जोड्या होतात 4005. इतक्या तुलना एकदम केल्याबद्दलची गणिती दुरुस्ती न करता 0.05 ची (म्हणजे शंभरात पाच वेळा निव्वळ योगायोग चालवून घेणारी) नेहमीची मर्यादा लावली, तर काहीच बदललेलं नसतानाही सुमारे 200 जोड्या ‘बदललेल्या’ निघतील. अभ्यासात ही दुरुस्ती केल्याचा उल्लेख नसेल, तर निष्कर्ष बाजूला ठेवावा.

जाळ्याचा विचार एका बाबतीत मात्र फार मोलाचा आहे. टीडीपी-43 या प्रथिनाचे गोळे आधी मोटर कॉर्टेक्स, मेंदूच्या देठातली काही केंद्रं आणि मज्जारज्जूत दिसतात, पुढे कपाळामागच्या भागांत, शेवटी हिप्पोकॅम्पस या स्मरणाशी निगडित भागापर्यंत. हा क्रम जोडलेल्या वाटांशी जुळतो. जवळपास निम्म्या रुग्णांमध्ये विचार किंवा वागण्यात थोडाफार बदल का होतो, हे त्यातून समजायला मदत होते. असा बदल दिसला तर तो हट्टीपणा समजू नये, डॉक्टरांना सांगावा.

एकट्या रुग्णाचं निदान मात्र जोडणीच्या नकाशावरून होत नाही. ते डॉक्टरांची तपासणी आणि ईएमजी (स्नायूंतल्या विद्युत संकेतांची चाचणी) यांवर ठरतं. साधा एमआरआय लिहून दिला जातो तो मुख्यतः मानेच्या मणक्यांत मज्जारज्जू दबल्यासारखं दुसरं, उपचार होऊ शकणारं कारण नाही ना, हे पाहायला.