सुई डॉक्टर घालतात, मग आपलं काम काय?

डीएमएलटी, म्हणजे लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा, करून आमच्या लॅबमध्ये आलेली पोरं पहिल्या महिन्यात हा प्रश्न विचारतातच. ‘ताई, बोन मॅरोला सुई डॉक्टर घालतात, रिपोर्ट पॅथॉलॉजिस्ट देतात. मग आपण खाटेजवळ जाऊन उभं कशाला राहायचं? बाटलीत भरून आणून दिलं तर नाही का चालत?’ परवा तुम्ही विचारलंत तेव्हा माझ्या पुढ्यात मलेरियाच्या काचांचा ढीग होता, म्हणून नुसतं ‘नाही चालत’ म्हणून मी मान खाली घातली. राहिलेलं उत्तर आता देते.

त्याआधी नातेवाइकांचा प्रश्न, कारण तोही तुमच्याच वाट्याला येणार आहे. ‘मॅडम, आईच्या पाठीतलं पानी काढून राह्यले का? मंग ते चालन का नाई?’ यवतमाळकडच्या खेड्यांत बावीस वर्षं हे ऐकते आहे. पाठीतलं पाणी वेगळं, हे वेगळं, एवढंच शांतपणे सांगायचं. कमरेमागे, खळगी पडते तिथे जे हाड हाताला लागतं, त्याच्या आतला मऊ मगज, म्हणजेच बोन मॅरो, घेतात. मणक्याला हात लागत नाही. घेतात तो किती? पहिल्या ओढीला चहाच्या चमच्याचा दहावा हिस्सा, इतर तपासण्या असतील तर आणखी थोडा. हाडाची जागा बधिर केली तरी सिरिंज ओढताना क्षणभर कळ येते, हे मात्र लपवू नका. ‘काहीच होत नाही’ म्हणालात, की पुढचा विश्वास गेला.

आता आपलं काम. सुई हाडात गेली, डॉक्टरांनी सिरिंज लावून ओढलं, की आत येतो तो नुसता लाल द्रव. मॅरो आहे की रक्त, हे सिरिंजकडे बघून कळत नाही. ते कळतं वॉचग्लासमध्ये, म्हणजे काचेच्या उथळ वाटीत. द्रव त्यात सोडायचा, वॉचग्लास जरा तिरका धरायचा, रक्त खाली ओघळतं आणि काचेला चिकटून राहतात ते बारीक कण. आपण त्यांना पार्टिकल म्हणतो. ज्वारीच्या कण्या आणखी बारीक करून तुपात घोळल्या तर दिसतील, तसे करडे-पांढरे, तुपकट चमकीचे. मॅरोची खरी वीण त्या कणांत असते. ते दिसले की मोठ्याने म्हणायचं, ‘आले.’ दिसले नाहीत तर तेही तितक्याच मोठ्याने म्हणायचं, कारण पेशंट अजून कुशीवर आहे, सुई अजून हाडात आहे. तासाभराने लॅबमधून ‘सॅम्पल बरोबर नाही’ असा फोन करणं म्हणजे त्या माउलीला पुन्हा शंभर किलोमीटरवरून बोलावणं.

स्मिअरसाठी, म्हणजे काचेवर पसरायच्या पातळ थरासाठी, पहिली ओढ थोडीच घ्यायची, पाव ते अर्धा मिलि. डॉक्टर भरात दोन मिलि ओढायला लागले तर बिनधास्त थांबवा. जास्त ओढलं की आजूबाजूच्या शिरांतलं रक्त मिसळतं. गवळ्याने पाणी घातलेल्या दुधाची फॅट मोजून म्हशीबद्दल काय कळणार? बहुतेक अक्युट मायलॉइड ल्युकेमियात, म्हणजे एका प्रकारच्या रक्ताच्या कर्करोगात, ब्लास्ट पेशी (अगदी कोवळ्या पेशी) २० टक्के की त्याहून कमी, यावर निदान फिरू शकतं. पातळ झालेल्या सॅम्पलमध्ये तोच आकडा खाली घसरतो. फ्लो सायटोमेट्रीची (मशीनवर पेशींचे प्रकार ओळखायच्या तपासणीची) इडीटीए ट्यूब, क्रोमोसोमच्या तपासणीची हेपॅरिनची ट्यूब (दोन्हींत रक्त गोठू न देणारं औषध असतं), हे सगळं स्मिअरची ओढ झाल्यावर.

आणि मग घाई. मॅरो फार लवकर गोठतो. त्यामुळे वॉचग्लासमधलं जास्तीचं रक्त टिपून घ्यायचं, कण उचलून काचेवर ठेवायचे आणि ओढायचे. कण पुढे जातो आणि त्याच्या मागे पेशींची शेपटी उमटते. पॅथॉलॉजिस्ट ५०० पेशी मोजतात, त्या याच शेपटीत. दोन-तीन काचांवर कण दुसऱ्या काचेने हलके दाबून सरकवायचे, तो क्रश स्मिअर. ‘हलके’ हा शब्द मी शंभरदा सांगते, तरी नवीन पोरं पोळी लाटल्यासारखी दाबतात. दाबल्या काचेत पेशी राहत नाहीत, नुसती जांभळी फराटी राहते. नाव काचेवर पेन्सिलने लिहा. पेनची शाई मिथेनॉलमध्ये धुऊन जाते आणि मग आठ काचा कुणाच्या, यावर भांडण.

कधी काहीच येत नाही. ड्राय टॅप. नव्या टेक्निशियनला वाटतं आपलंच चुकलं. बहुतेकदा चूक कुणाचीच नसते. मॅरोत तंतू वाढलेले असतात किंवा तो पेशींनी ठासून भरलेला असतो, म्हणजे ड्राय टॅप ही स्वतःच एक खूण आहे. जमशिदी सुईने (बायोप्सीच्या जाड पोकळ सुईने) हाडाचा तुकडा काढला, की तो फॉर्मॅलिनमध्ये, म्हणजे तुकडा टिकवणाऱ्या द्रवात, टाकण्याआधी काचेवर अलगद टेकवून ठसे घ्या. स्मिअर मिळालाच नाही, तर पेशी बघायला तेवढेच हाती राहतात.

फॉर्मॅलिनवरून माझी फजिती सांगते. नोकरीचं दुसरं वर्ष. मे महिना. बायोप्सीची बाटली आणि न रंगवलेल्या काचा मी एकाच डब्यात नीट कापूस लावून बांधल्या आणि नागपूरला एसटीने पाठवल्या. बाटलीचं झाकण घट्ट होतं, याची मी आजही शपथ घेईन. पण फॉर्मॅलिनची वाफ झाकणाला जुमानत नाही. काचा रंगवल्या तेव्हा सगळं हिरवट-निळं, केंद्रकं चिखलासारखी. दहाच्या दहा गेल्या. तेव्हापासून काचा एका डब्यात, बाटली दुसऱ्या पिशवीत. त्याच खोलीत बाटली उघडी ठेवून स्मिअर वाळवायचे नाहीत, हेही त्यातच आलं.

आपल्या भागाचे म्हणून काही ताप आहेत, ते पुस्तकात सापडणार नाहीत. अकोला-बुलढाण्याच्या खारपाण पट्ट्यात, खाऱ्या पाण्याच्या भागात, काम केलेल्यांना पाण्याचं सांगायला नको. लिशमनला, म्हणजे काचा रंगवायच्या आपल्या स्टेनला, ६.८ पीएचचा बफर (आम्लता स्थिर ठेवणारं पाणी) लागतो. नळाचं किंवा बोअरचं पाणी वापरलं की सगळी काच निळी होते, आणि इओसिनोफिल या पांढऱ्या पेशीचे नारिंगी दाणे शोधत बसावं लागतं. मॅरोच्या काचेला रक्ताच्या काचेपेक्षा जास्त वेळ द्या. आधी एकच काच रंगवून बघा, मग बाकीच्या. उन्हाळ्यात काच लगेच वाळते, ही चैन. पण तेव्हाच स्टेन काचेवर आटतो आणि त्याचे काळे कण बसतात, म्हणून झाकून ठेवायचा. श्रावणात उलटं, काच वाळायलाच तयार नसते, लाल पेशींत पाण्याचे फुगे दिसतात. तेव्हा पंख्याखाली धरा. आणि माश्या-मुंग्या! फिक्स न केलेला, म्हणजे मिथेनॉलने पक्का न केलेला, स्मिअर त्यांना मेजवानी आहे. सकाळी काचेवर नक्षी उमटलेली मी पाहिली आहे.

एक प्रश्न तुम्ही पेशंटला विचारायचाच. ‘चार-पाच दिवसांत कुठलं इंजेक्शन घेतलं?’ गावच्या डॉक्टरने ‘ताकदीची लाल सुई’ दिलेली असते, म्हणजे बी-१२. ती मिळाल्यावर एक-दोन दिवसांतच बी-१२ कमी असताना मॅरोत दिसणाऱ्या मोठाल्या कोवळ्या पेशींचं रूप पालटायला लागतं आणि सोपं निदान अवघड होऊन बसतं. डॉक्टरांच्या चिठ्ठीत हे नसतं. खाटेजवळ उभी असलेली तुम्हीच ते काढून घेऊ शकता. रक्ताचा ताजा स्मिअरही त्याच वेळी बोटातून घ्या, मॅरो एकटा वाचत नाहीत. सिकलसेलच्या पोराला मात्र कुणी उठसूट मॅरोला पाठवलं तर आधी विचारा. ते निदान सोल्युबिलिटी टेस्ट आणि इलेक्ट्रोफोरेसिस या रक्ताच्या तपासण्यांवर होतं.

एक-दोन काचा न रंगवता, मिथेनॉलने फिक्स करून बाजूला ठेवा, लोहाचा साठा बघणाऱ्या पर्ल्स स्टेनसाठी. त्यांवर कण हवेत. कण नसलेल्या काचेवर ‘लोह नाही’ असा रिपोर्ट जाता कामा नये.

उद्या सकाळी दहाला एक मॅरो आहे, दारव्ह्याकडची बाई. काचा आज संध्याकाळीच स्पिरिटने पुसून ठेवा, दहा नाही, पंधरा. पेन्सिलीला टोक काढा. वॉचग्लास तुम्ही धरायचा, मी मागे उभी राहते.