बर्नार्डचा तारा सरकलेला पाहिला: माझा अनुभव

आकाशात सर्वांत झपाट्याने जागा बदलणारा तारा म्हणून बर्नार्डच्या ताऱ्याबद्दल खूप वाचलं होतं. वर्षाला सुमारे 10.3 विकला (विकला म्हणजे अंशाचा 3,600 वा भाग), तेही जवळजवळ थेट उत्तरेकडे. चंद्राचं बिंब 1,800 विकलांच्या आसपास असतं, तेव्हा हे सरकणं किती बारीक ते लक्षात येईल. तरी सहा इंची दुर्बिणीने आणि साध्या डीएसएलआरने ते पकडता येतं, आणि मला ते स्वतः पाहायचं होतं.

पहिली अडचण पावसाची. हा तारा ज्यात आहे तो भुजंगधारी तारकासमूह मध्यरात्री माथ्यावर येतो तो ऐन जूनमध्ये, म्हणून एप्रिलमधली पहाट निवडली. भोरच्या पलीकडे मित्राच्या शेतावर मुक्काम ठोकला. आधी भुजंगधारीतला बीटा ऑफियूकी हा तारा, तिथून पूर्वेला 66, 67, 68 आणि 70 क्रमांकाच्या ताऱ्यांचा घोळका. त्यातल्या 66 पासून वायव्येला, एका अंशाच्या आत आपला तारा. छापील नकाशात बहुधा 2000 सालची जागा दिलेली असते; तिथून तो आता चार कलांहून (एक कला म्हणजे 60 विकला) जास्त वर, म्हणजे उत्तरेला गेलाय, हे धरूनच शोधावं लागतं. तेजाच्या मोजपट्टीवर दहाव्या प्रतीच्या जवळपासचा हा लाल बटू (छोटा, मंद तारा) नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. सहा प्रकाशवर्षांवर असूनही इतका मंद!

तीस-तीस सेकंदांचे बरेच फोटो काढून एकावर एक रचले. मग वर्षभर थांबणं. पुढच्या एप्रिलमध्ये दुर्बीण तीच, कॅमेरा तोच आणि तारीखही शक्यतो तीच ठेवली, कारण पृथ्वी कक्षेत दुसरीकडे असली की लंबनामुळे (बघण्याची जागा बदलल्याने) तारा अर्ध्या विकलेपर्यंत इकडेतिकडे दिसतो.

दोन्ही फोटो गिम्प या फोटो-संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये मागच्या ताऱ्यांवर नीट जुळवले आणि वरचा थर चालू-बंद करत बसलो. सगळं आकाश स्थिर, आणि मधोमध एकच ठिपका टुणकन वर-खाली! माझ्या जोडणीत एक पिक्सेल म्हणजे साधारण पाऊण विकला. फरक मोजला, चौदा पिक्सेल भरला. पुस्तकातला आकडा माझ्या पडद्यावर उतरला होता. घरातल्या सगळ्यांना उठवून दाखवला.

एडवर्ड एमर्सन बर्नार्ड यांनी 1916 मध्ये, विस्कॉन्सिनच्या यर्क्स वेधशाळेत असताना, हेच केलं: नवी छायाचित्र-काच (तेव्हा फोटो काचेवर घेत) 1894 च्या काचेशी ताडून पाहिली. नॅशव्हिलच्या गरीब घरातला हा मुलगा लहानपणीच फोटो स्टुडिओत कामाला लागला होता. बावीस वर्षांपूर्वीची काच नीट जपलेली नसती तर त्या ठिपक्याकडे कोणाचं लक्ष गेलं असतं? म्हणून मला या शोधात दुर्बिणीइतकंच जुन्या काचांच्या कपाटाचं मोल वाटतं.

आता कॅलिफोर्नियातल्या पालोमार वेधशाळेच्या 1950 च्या दशकातल्या काचेचं डिजिटल चित्र उतरवून घेतलंय. माझ्या फोटोशी ते जुळवायचं काम चालू आहे. तिथे फरक बारा कलांच्या आसपास यायला हवा.