पालखी मार्ग, टप्पा २: फलटण ते पंढरपूर

काल एकदाचं सायकलने पंढरपूर गाठलं. एप्रिलमध्ये आळंदी ते पंढरपूर सलग दोन दिवसांत करायला गेलो होतो, तेव्हा दुसऱ्या दिवशी माळशिरसलाच थांबावं लागलं. पोटऱ्यांत गोळे आले होते आणि दोन्ही करंगळ्या बधिर. म्हणून यंदा दोन टप्पे पाडले. दिवे घाटासकट फलटणपर्यंतचा पहिला ऑक्टोबरमध्ये झाला, हा दुसरा.

एकूण १०६ किमी, सायकलवर ५ तास २५ मिनिटं, सरासरी ताशी १९.६ किमी. चढ असा नाहीच. डिसेंबरातला पूर्वेचा वारा मात्र दिवसभर तोंडावर होता.

नियम एकच ठेवला होता: माउलींची पालखी जिथे मुक्कामाला थांबते ते प्रत्येक गाव आतून जायचं. बरड, नातेपुते, माळशिरस, वेळापूर, भंडीशेगाव, वाखरी. नवा रस्ता गावाला वळसा घालून निघाला की आपण जुना धरायचा. पाच-सहा किलोमीटर वाढतात, पण चहा, पाणी, हवा भरायचा पंप आणि सावली सगळं गावातच आहे. फलटणहून पायी निघालेली दिंडी सातव्या दिवशी पंढरपुरात पोचते. तेच अंतर एका दिवसात कापताना निदान त्यांच्या मुक्कामांना तरी पाय लागावेत, असं मनापासून वाटतं.

सहाला अंधारातच मी आणि एक मित्र निघालो. विडणी, पिंप्रद, बरड. गाळप हंगाम सुरू आहे, त्यामुळे दोन-दोन ट्रॉल्या लावलेले ट्रॅक्टर पहाटेपासून रस्त्यावर. वारा अडतो म्हणून ट्रॉलीच्या मागे राहायचा मोह होतो, कृपा करून राहू नका. उसाची टिपरं सटकून खाली पडतात आणि बऱ्याच ट्रॉल्यांना मागे रिफ्लेक्टर नसतो. उजाडेपर्यंत आम्ही दोघं पुढेमागे, दोन्ही दिवे चालू ठेवून, कडेनेच चाललो. धर्मपुरीला सोलापूर जिल्हा लागतो. तिथे कालव्याकाठी पहिला थांबा, नातेपुत्यात मिसळ.

आता रस्त्याविषयी, कारण सगळ्यांचा पहिला प्रश्न तोच असतो. चौपदरी काँक्रीट झालंय, रुंद आहे, खड्डे नाहीत. पण काँक्रीटला ठरावीक अंतरावर सांधे असतात आणि ताशी वीस किलोमीटरच्या वेगाला सेकंदाला एकाहून जास्त ठोका हँडलमध्ये बसतो. टक, टक, टक, तासन् तास. एप्रिलमध्ये करंगळ्या यानेच गेल्या होत्या. तेव्हा २८ मिमी रुंदीचा टायर आणि ८५ पीएसआय दाबाची हवा होती. या वेळी ३२ चा ट्यूबलेस घातला (आत ट्यूब नाही, भोक बुजवणारं सीलंट असतं), हवा ५८ वर आणली आणि दर पंधरा मिनिटांनी हाताची पकड बदलली. पंढरपुरात उतरलो तेव्हा दहाही बोटं जाग्यावर होती. या मार्गावर येणाऱ्याने बाकी काही नाही केलं तरी हवा कमी करा.

दुसरी गोष्ट सावली. रुंदीकरणात रस्त्याकडेचे जुने वड आणि चिंचा गेल्या, त्या मला फार लागतात. सदाशिवनगर ते माळशिरस पट्ट्यात टेकायला झाड शोधावं लागतं. आषाढात तिथून लाखो माणसं चालतात. झाडं पुन्हा लावायलाच हवीत, आणि वडच हवेत. दुभाजकातल्या कण्हेरीखाली कोण बसणार?

वेळापूरच्या अलीकडे धावाबावीचा उतार आहे. इथून तुकोबांना पंढरीचा कळस दिसला आणि ते धावत सुटले, अशी श्रद्धा आहे. म्हणून वारकरी हा उतार आजही पळत उतरतात. काही वर्षांपूर्वी आईबरोबर वारीत होतो तेव्हा गुडघे दुखणारी आईसुद्धा इथे पदर खोचून पळाली होती. सायकलवरून हा उतार मिनिटा-दोन मिनिटांत सरतो. मला तसं उतरवेना. खाली उतरलो, पेडलमध्ये अडकणारे बुटाखालचे क्लीट घसरतात म्हणून बूट काढून हँडलला अडकवले आणि सायकल हातात धरून मोज्यांवर पळत गेलो. मित्र न विचारता मागून पळत आला. खाली टपरीवरच्या आजोबांनी आधी पाण्याचा तांब्या पुढे केला, मग म्हणाले, “कुठनं आला, माउली?”

वेळापुरात अर्धनारीनटेश्वराच्या देवळात तासभर विसावा. दगडी मंडपात गार होतं.

भंडीशेगावच्या पुढे चहासाठी कडेला घेतली आणि मागच्या चाकात सराटा घुसला. काटा उपसला, भोक खाली येईल असं चाक फिरवून अर्धा मिनिट धरलं. पांढरं सीलंट फसफसत बाहेर आलं आणि बसलं. ५८ ची ४५ झाली, तेवढीवरच पुढे गेलो. या भागात पांढरी पट्टी सोडून मातीत चाक घालू नका, हिवाळ्यात सराटे वाळून टणक झालेले असतात.

वाखरीला सगळ्या पालख्या एकत्र येतात ते मैदान काल मोकळं होतं, शेरडं चरत होती. अडीचला पंढरपूर. चंद्रभागेत पाय धुतले, रांग मोठी होती म्हणून मुखदर्शन घेतलं आणि आईला फोन लावला.

पुढचा बेत फेब्रुवारीत: देहूहून तुकोबांची वाट, पहिला मुक्काम बारामती. पाटसच्या पुढे रोटी घाट आहे. अलीकडे तो कोणी सायकलने चढलं असेल तर रस्त्याचं काम कुठवर आलंय ते जरूर सांगा, टायर त्यावर ठरवतो.