मानेतली गाठ आणि शिरेतलं इंजेक्शन

माझी अर्धशिशी जुनी. वडगावात ब्लाउज शिवणाऱ्या बाईची मान एरवीच वाकलेली, त्यात लग्नसराई. उजव्या भुवईवर ठणका, मग उलट्या, मग अंधारात पडून राहायचं. 'पित्त उठलंय, कोकम घे की,' असं गल्लीतलं प्रत्येक जण सांगून जातं.

या वेळी मात्र डोकं उतरेचना. मान तर वळेनाच. अंबाड्याखाली हात लागला तरी कळ यायची. बेळगावातल्या एका दवाखान्यात नेलं. उलटी थांबायचं नि दुखण्याचं इंजेक्शन दिलं. मळमळ गेली, मान तशीच. डॉक्टरांनी कवटीखाली अंगठा दाबला आणि कळ थेट डोळ्यामागं गेली. म्हणाले, मानेच्या वरच्या नसा आणि चेहऱ्याची नस मेंदूच्या देठात एकाच ठिकाणी येतात, म्हणून मानेचं दुखणं डोक्यात जाणवतं नि डोक्याचं मानेत. आधी कोण आखडलं, ते नेहमी ठरवता येत नाही.

मग मेथोकार्बामॉल, म्हणजे आखडलेले स्नायू सैल करायचं औषध, शिरेतून द्यायचं ठरलं. 'हे मायग्रेनचं औषध नव्हे हं, जोडीला देतोय,' हे त्यांनी स्वतःहून सांगितलं, ते मला आवडलं. हे औषध थेट स्नायूवर नाही, मेंदू-मज्जारज्जूवर काम करतं आणि गुंगी आणतं.

दहा मिलीची बाटली, एक ग्रॅम औषध. मिनिटाला तीन मिलीपेक्षा जास्त सोडायचं नाही, म्हणून सिस्टरची नजर भिंतीवरच्या घड्याळावर. 'अक्का, हात हलवू नका. चुरचुरलं तर लगेच सांगा,' कारण औषध शिरेबाहेर गेलं तर हात सुजतो. तोंडावर गरम वाफ आली. जिभेवर धातूची चव. टाचण्या दातात धरून काम करणारीला ती ओळखीची. नंतर चांगला पाव तास उठू दिलं नाही, चक्कर येते म्हणून. लघवी काळपट-हिरवट झाली तर घाबरू नका, असंही सांगून ठेवलं. स्कूटी ह्यांनी चालवली.

मान त्याच संध्याकाळी सैल झाली. डोकं मात्र रात्रीच्या झोपेनंतर उतरलं. ते इंजेक्शननं की झोपेनं, कुणास ठाऊक.

डॉक्टरांचा खरा भर गोळ्यांवर होता. साध्या वेदनाशामक गोळ्या महिन्यात पंधरा किंवा जास्त दिवस, ट्रिप्टानच्या, म्हणजे खास मायग्रेनच्या गोळ्या दहा किंवा जास्त दिवस, असं महिनोन् महिने चाललं तर गोळ्याच डोकं दुखवतात. आता ऑर्डरच्या वहीत मागच्या पानावर गोळीची तारीख लिहिते. मशीनखाली ठोकळे घालून टेबल उंच केलंय.

सासूबाईंची कंबर धरते. 'मलापण तेच शिरेतलं द्यायला सांग,' म्हणाल्या. पण त्यांचं रक्तातलं क्रिएटिनिन वाढलेलं, म्हणजे किडनी अधू, आणि ज्या पॉलिइथिलीन ग्लायकॉलमध्ये हे औषध विरघळवतात ते अधू किडनीला चालत नाही. डॉक्टरांनी नाही म्हणून सांगितलं. तेव्हापासून येईल त्याला ऐकवणं चाललंय: 'सुनेला इंजेक्शन, मला नुसता शेक!'