टँकमधलं पाणी एका बाजूला जास्त दिसतंय, काय करू?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितोय, आणि चार फुटी टँक पहिल्यांदा भरणारे बहुतेक सगळेच हे विचारतात म्हणूनही. टँक भरला, मासे सोडले आणि मग दिसलं की डावीकडे पाणी काचेच्या वरच्या कडेपासून ४० मिलिमीटर खाली आहे आणि उजवीकडे ४५. आता टँक फुटेल का?

बहुधा नाही. पण दोन मापांवर नक्की सांगता येत नाही, चारही कोपऱ्यांची मापं लागतात. फिल्टर बंद करा आणि पाणी पाचेक मिनिटं स्थिर होऊ द्या. प्रवाहामुळे पाणी एका टोकाला थोडं चढलेलं असतं. मग बाहेरून स्टीलची पट्टी लावून प्रत्येक कोपऱ्यात वरच्या कडेपासून पाण्यापर्यंतचं अंतर मोजा. काचेला टेकलेलं पाणी किंचित वर चढतं, त्यामुळे दोन रेषा दिसतात. चारही ठिकाणी खालचीच धरा.

समजा मागचा डावा कोपरा ४०, मागचा उजवा ४५, पुढचा उजवा ४७ आणि पुढचा डावा ४२. समोरासमोरच्या कोपऱ्यांची बेरीज करा: ४० आणि ४७ मिळून ८७, ४५ आणि ४२ मिळूनही ८७. बेरजा जुळल्या, म्हणजे टँकला नुसता उतार आहे. पुढचा डावा ४२ ऐवजी ४५ आला असता तर एक बेरीज ८७ आणि दुसरी ९० झाली असती. तो पीळ, म्हणजे चारही कोपरे एका सपाटीत नाहीत. हाताने जोडलेल्या टँकच्या कडाच एखाद्या मिलिमीटरने इकडेतिकडे असतात, तेवढा फरक सोडून द्या.

उताराला घाबरू नका. काचेवरचा दाब पाण्याच्या खोलीवर ठरतो. १२० सेंटिमीटर लांब टँकमध्ये ५५ सेंटिमीटर पाणी असेल तर पुढच्या काचेवर एकूण साधारण १८० किलोचा भार येतो. एका टोकाला पाणी अर्धा सेंटिमीटर जास्त असलं तर तिथला भार दोनेक टक्क्यांनी वाढतो. नीट जोडलेल्या काचेला त्याचं काही वाटत नाही. पीळ वेगळा. पिळलेल्या स्टँडवर टँकचा एक कोपरा अधांतरी राहतो, काच फारशी वाकत नाही आणि सगळा ताण तळाच्या कोपऱ्यावर आणि सिलिकॉनच्या जोडावर येतो. सिलिकॉन लवचिक असल्यामुळे ते बरेच दिवस सहन करतं. म्हणून असा टँक भरल्या दिवशी न फुटता काही महिन्यांनी, कुणी हातही लावलेला नसताना तडकतो आणि दोष काचवाल्यावर जातो.

टँक स्वतः ताठ असतो, त्यामुळे वरची मापं जुळली तरी खाली फट असू शकते. दिवा बंद करून मागून टॉर्च मारा आणि पुढून टँक व स्टँडच्या सांध्यात बघा. उजेडाची रेघ दिसली तर तिथे आधार नाही.

माझ्या मर्यादा अशा: लांबीत चार फुटांना ५ मिलिमीटर उतार असू द्यावा, एक सेंटिमीटरच्या वर गेला तर दुरुस्त करावा. रुंदीत, म्हणजे पुढे-मागे, ३ मिलिमीटरच्या वर नको. आणि टँक पुढे, खोलीच्या आत झुकत असेल तर तेवढाही चालवून घेऊ नये. पीळ एक मिलिमीटर असेल तर टँकखाली घातलेलं थर्मोकोल तो पोटात घेतं. दोन किंवा जास्त असेल तर टँक रिकामा करायचा, त्यावर चर्चा नाही.

अजून टँक भरला नसेल तर उत्तमच. आधी वजनाचा अंदाज घ्या. १२० बाय ४५ बाय ६० सेंटिमीटरच्या टँकमध्ये २९० लिटरच्या आसपास पाणी मावतं. १२ मिलिमीटर काचेचं वजन ७५ किलो, त्यात वाळू-दगड आणि स्टँड. सगळं मिळून साडेचारशे किलोच्या घरात. फ्लॅटमध्ये हे भिंतीला लागून, खाली बीम असेल तिथेच ठेवा. सहा बाय दोन बाय दोन फुटी टँक भरला की टनाच्या जवळ जातो. तिथे आधी स्ट्रक्चरल इंजिनियरला विचारा. वाड्यातल्या लाकडी मजल्यावर तर चार फुटीसाठीही विचारा. बाल्कनीच्या फरशीला पाणी वाहून जायला मुद्दाम उतार दिलेला असतो, ती जागा डोक्यातून काढून टाका.

मग फरशी वाजवून बघा. जिथे स्टँडचे पाय येणार तिथे नाण्याने ठोका. भरीव आवाज आला तर ठीक. पोकळ आला तर खाली सिमेंटचा माल नीट भरलेला नाही आणि त्या पायाखाली टाइल आज ना उद्या तडकेल, की लेव्हल गेलीच. पायांखाली १०० बाय १०० मिलिमीटरची, ६ मिलिमीटर जाड लोखंडी प्लेट वेल्ड करून घेतली की भार पसरतो. शहाबादी फरशी असेल तर प्रत्येक पायाची उंची वेगळी येणार हे गृहीतच धरा.

लोखंडी स्टँडमध्ये पीळ बहुतेक वेळा वेल्डिंगमुळे येतो. वेल्ड थंड होताना आकसतो आणि फ्रेम ओढतो. म्हणून स्टँड ताब्यात घेण्याआधी फॅब्रिकेटरकडेच वरच्या चौकटीवर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत दोन दोरे ताणून तिरके बांधा. मध्ये ते एकमेकांना नुसते टेकले पाहिजेत. मग वरचा दोरा खाली घेऊन पुन्हा बघा, कारण पीळ उलट्या बाजूचा असेल तर पहिल्या वेळी दोरे एकमेकांवर दाबले जातात आणि फट दिसतच नाही. मध्यात एक मिलिमीटर फट म्हणजे कोपऱ्यावर दोन मिलिमीटर पीळ. असा स्टँड तिथेच परत करा, घरी आणून पॅकिंगने, म्हणजे पायांखाली पट्ट्या सारून, तो सरळ होत नाही.

जागेवर लेव्हल करताना मोबाइलमधल्या ॲपच्या भरवशावर राहू नका. किमान दोन फुटी पाणसळ घ्या आणि ती आधी तपासा: एकदा ठेवून बुडबुडा बघा, मग त्याच जागी टोकं उलटी करून ठेवा, बुडबुडा तिथेच आला पाहिजे. सहा फुटांच्या स्टँडला गवंड्याची पाणी भरलेली पारदर्शक नळी जास्त खरी. नळीत हवा अडकू देऊ नका आणि मोजताना टोकांवरचे अंगठे काढा.

पॅकिंग स्टँडच्या पायाखाली द्यायचं. स्टँड आणि टँकच्या मध्ये कधीही नाही. तिथे चकती सरकवली की काचेचा भार त्या एका ठिपक्यावर येतो. हॉटेलातल्या डुगडुगत्या टेबलाखाली घडी घातलेला पुठ्ठा सारतात तसलं काही इथे चालत नाही: पुठ्ठा भिजतो, लाकडी पाचर दबते, टाइलचा तुकडा फुटतो. ॲल्युमिनियमच्या पट्ट्या किंवा कडक पीव्हीसी शीटचे तुकडे वापरा, पायाच्या पूर्ण मापाचे. लाकडी कॅबिनेट जमिनीवर सलग टेकत असेल तर फक्त चार कोपऱ्यांत पॅकिंग देऊन भागत नाही, दर १५-२० सेंटिमीटरवर हवं, नाहीतर मधला भाग बसतो.

वर १८ किंवा १९ मिलिमीटरचा मरीन प्लाय, त्यावर १० ते १२ मिलिमीटर थर्मोकोल. थर्मोकोल घालण्याआधी प्लाय आणि टँकचा तळ दोन्ही हाताने पुसून घ्या. वाळूचा एक कडक खडाही तळाच्या काचेला पुरतो. पाणी टप्प्याटप्प्याने भरा: पाव टँक, चार मापं, अर्धा टँक, पुन्हा मापं. भरून एक रात्र तसाच ठेवा आणि सकाळी मोजल्यावरच मासे सोडा. सहा पायांच्या स्टँडचे मधले दोन पाय भरल्यावरही हाताने हलत असतील तर ते काही भार घेत नाहीयेत.

भरलेला टँक दुरुस्त करायचा असेल तर जॅक लावून उचलू नका. पाणी सायफनने काढा, त्यातलं निम्मं स्वच्छ ड्रममध्ये ठेवा, मासे आणि फिल्टरचा माल, म्हणजे त्याच्या आतला स्पंज वगैरे, त्याच पाण्यात एअर पंप लावून ठेवा. माल वाळला तर त्यातले पाणी शुद्ध ठेवणारे जिवाणू मरतात. दगड आणि शक्य तेवढी वाळूही काढा आणि मगच स्टँडला हात लावा.

पहिल्या आठवड्यानंतर एकदा आणि पावसाळा संपल्यावर एकदा मापं घ्या. पार्टिकल बोर्डचं कॅबिनेट खालून ओलं होऊन फुगतं, ते बहुधा याच दिवसांत कळतं.

तुमच्या टँकचं म्हणाल तर दोन्ही बेरजा जुळल्या आणि सांध्यात उजेड दिसला नाही, तर ५ मिलिमीटरसाठी टँक रिकामा करण्याच्या भानगडीत पडू नका. डोळ्यांना खटकत असेल तर वरच्या कडेला बाहेरून पाच-सहा सेंटिमीटर रुंद काळी विनाइल पट्टी लावा आणि पाणी तिच्या मागे राहील इतकं भरत जा.