मॅकिन्टॉश: अंगावरचा की अंगाखालचा?

पावसाळी शब्दांच्या वहीत इरलं, घोंगडीची खोळ आणि मेणकापड लिहून झाले होते. या आठवड्यात एकच शब्द पुढे सरकला, मॅकिन्टॉश. इंग्रजीत रेनकोटला म्हणतात तो. लाडाने नुसतं ‘मॅक’.

शब्द माणसाच्या नावावरून आलाय, एवढं ठाऊक होतं. चार्ल्स मॅकिन्टॉश, ग्लासगोचा रसायनवाला. गॅस कारखान्यातून वाया जाणारं डांबर तो घ्यायचा. त्याला त्यातून हवा होता अमोनिया, रंगाच्या धंद्यासाठी. हाती लागलं नॅफ्था, म्हणजे डांबरातून निघणारं पातळ तेल, आणि नॅफ्थ्यात रबर विरघळतं. दोन कापडांच्या मध्ये ते रबर लावून त्याने १८२३ मध्ये पेटंट घेतलं. (नॅफ्थ्यात रबर विरघळतं हे जेम्स साइम या स्कॉटिश डॉक्टरने विद्यार्थिदशेतच दाखवलं होतं. त्याने पेटंट घेतलं नाही. घेतलं असतं तर आज कदाचित ‘साइम’ घालून फिरले असते लोक!) सुरुवातीचे कोट थंडीत ताठ व्हायचे, उन्हात चिकट, वास तर विचारूच नका. वर शिंप्याच्या सुईच्या भोकांतून पाणी आत. गंधक घालून रबर पक्कं करायची युक्ती निघाली, तेव्हा कुठे ताठ-चिकट होण्याचं दुखणं थांबलं.

स्पेलिंगची गंमत अशी की चार्ल्सच्या आडनावात (Macintosh) ‘के’ नाही. कोटाच्या नावात (mackintosh) मात्र तो घुसला आणि तिथेच राहिला. आडनाव गेलिक, म्हणजे स्कॉटलंडच्या जुन्या भाषेतलं आहे: ‘मॅक’ म्हणजे मुलगा आणि ‘तोशाख’ म्हणजे मुखिया. थोडक्यात, पाटलाचा पोर.

इथवर सगळं पुस्तकी. मग निवृत्त नर्स असलेल्या मावशीला सहज विचारलं, “मॅकिन्टॉश म्हणजे काय गं?”

“पेशंटखाली घालतो ते रबरी शीट. त्यावर ड्रॉ शीट, म्हणजे आडवी घालायची छोटी चादर.”

“रेनकोट नाही?”

“छे! अंगात कोण घालतं ते?”

म्हणजे शब्द आपल्याकडे आहे, पण वॉर्डात. त्यातला कोट गळून पडला, रबर लावलेलं कापड तेवढं उरलं. आपल्या रस्त्यावर रेनकोट चालला आणि मॅकिन्टॉश नर्सिंगच्या पोरींच्या तोंडी टिकला.

वहीत या शब्दापुढे ‘अंगावर’ असं लिहिलं होतं. त्याखाली आता ‘अंगाखाली’ अशी दुसरी ओळ जोडली आहे. पुढचा पाहुणा अ‍ॅनोरॅक, म्हणजे टोपीवालं जाकीट, थेट ग्रीनलँडहून.