साडेतीनचं जेवण

लालबागच्या त्या बिनपाटीच्या हॉटेलचे तात्या, चाळीच्या पुनर्विकासात समोर एवढे पैसे आलेले असताना, गाळा का सोडत नाहीत? गेल्या चार वर्षांत हे मला इतक्या जणांनी विचारलंय की एकदा नीट बसून उत्तर लिहावं असं ठरवलं. ऑफिसातल्या ज्या कुणाला मी तिथे जेवायला घेऊन जाते, तो परतताना करी रोडच्या पुलावर हे विचारतोच. कुणाच्या आवाजात कौतुक असतं, कुणाच्या आवाजात कीव. "म्हातारा जरा चक्रम आहे ना?" असंही एकीने विचारलं. तिला तात्यांनी पाणी ठेवायच्या आधी "गाव खंयचा?" असं विचारलं होतं. तिने पुणे सांगितलं, तर म्हणाले, ते राहायचं ठिकाण झालं, गाव सांग. तिला आपलं गाव आठवायला वेळ लागला, तोपर्यंत ताट आलं नाही.

चक्रम म्हणायला लोकांना कारणं भरपूर आहेत, हे मी मान्य करते. 26 जुलै 2005 च्या पावसात हॉटेलची पाटी पडली, ती पुन्हा लावलीच नाही. ताटात अन्न टाकलेलं चालत नाही; एका नीटनेटक्या साहेबांना त्यांनी अर्धा बांगडा संपवायला पुन्हा बसवलं होतं. गणपतीचे दिवस म्हणजे लालबागमध्ये पाय ठेवायला जागा नसते, रांगेतली माणसं रात्रभर भुकेली असतात, वडापाववालाही त्या दिवसांत वर्षाची कमाई करतो. नेमके त्याच दिवसांत तात्या कुलूप लावून कणकवलीकडे गावी जातात. घरचा गणपती आहे, एवढंच कारण. आणि सगळ्यात मोठं म्हणजे दुपारी एक ते दोन, सगळी ऑफिसं जेवायला बाहेर पडतात तेव्हा, हॉटेल बंद. जेवण मिळतं ते सकाळी अकरा ते साडेबारा, आणि मग अडीचपासून पाचपर्यंत. गर्दी असते साडेतीनला.

या वेळेत सगळी गोष्ट आहे. मी त्याच चाळीत वाढले, माझे वडील साचेवाले होते, म्हणजे गिरणीत माग चालवायचे, म्हणून मला ती माहीत आहे.

गिरणीची पहिली पाळी सकाळी 7 ला लागायची, दुसरी दुपारी साडेतीनला, तिसरी रात्री 12 ला. भोंगा झाला की दुसऱ्या पाळीचे आत आणि पहिल्या पाळीचे बाहेर. आत जाणारे त्याआधी जेवून घ्यायचे, बाहेर पडणारे नंतर जेवायचे. कोकणातून, घाटावरून आलेले हजारो पुरुष कुटुंब गावी ठेवून गावमंडळाच्या खोल्यांत राहायचे. एका खोलीत वीस-पंचवीस वळकट्या, पाळीप्रमाणे झोपायचं. त्यांना जेवू घालायच्या त्या खाणावळी. बऱ्याचशा बायकाच चालवायच्या, आपल्याच दहा बाय बाराच्या खोलीत, सावकाराकडून पैसे उचलून. प्रेमा पुरव यांनी 1975 साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं ते याच बायकांना बँकेचं कर्ज मिळावं म्हणून. तात्यांच्या वडिलांचं हॉटेल रस्त्यावर होतं, पण त्याची चूलसुद्धा अशा बायकांच्या हातावर चालायची.

18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला. डॉ. दत्ता सामंतांच्या मागे अडीच लाख कामगार बाहेर पडले. घरात पगार येणं थांबलं तेव्हा आईने तात्यांच्या वडिलांकडे भाकऱ्या लाटायला, म्हणजे थापायला, सुरुवात केली. तांदळाची भाकरी, पहाटे चारला उकड काढायची. मी सात वर्षांची होते. परातीतल्या पिठावर तिच्या तळव्याचा थप थप आवाज यायचा आणि त्यावर मला जाग यायची. माझी शाळेची फी त्या भाकऱ्यांवर भरली गेली. म्हणून मी या हॉटेलबद्दल तटस्थपणे लिहू शकत नाही, आणि लिहायचंही नाही.

संपात गिऱ्हाईक उधारीवर जेवत होतं. तात्यांच्या वडिलांनी कुणाला परत पाठवलं नाही. मासे बंद झाले, डाळ पातळ झाली, काळ्या वाटाण्याचं सांबारं रोजचंच झालं, पण ताट थांबलं नाही. लाल कापडी बांधणीच्या वह्यांत नावं आणि आकडे लिहिले जात राहिले. संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही. माणसं थकून एकेक करून गावी गेली. वह्या राहिल्या. तात्यांच्या गल्ल्याखाली त्या अजून आहेत.

एका शनिवारी मी तिथे असताना एक ऐंशीच्या घरातले आजोबा नातवाचा हात धरून आले. टाटा हॉस्पिटलमध्ये तपासणीला आले होते. जेवले, हात धुतला आणि गल्ल्यापाशी उभे राहून म्हणाले, माझे बाकी आहेत. तात्यांनी वही काढली. पान सापडायला बराच वेळ लागला, कागद चिकटले होते. दोन महिन्यांचे 184 रुपये. आजोबांनी दोनशेची नोट ठेवली. मला वाटलं, तात्या हात जोडतील, राहू दे म्हणतील. त्यांनी नोट घेतली, सोळा रुपये परत दिले, त्या ओळीवर पट्टीने सरळ काट मारली आणि वही फिरवून त्यांना दाखवली. आजोबांनी ती ओळ बोटाने चाचपली. ते गेल्यावर मी न राहवून विचारलं, घेतलेत कशाला? तात्या म्हणाले, नसते घेतले तर ते त्याच्याबरोबर वर गेले असते.

संपानंतर काय झालं ते तुम्हाला ठाऊक असेल. 1991 च्या विकास नियंत्रण नियमावलीत गिरण्यांच्या जमिनीची साधारण तीन हिश्शांत वाटणी ठरली होती: एक हिस्सा मोकळ्या जागेसाठी महापालिकेला, एक घरांसाठी म्हाडाला, एक मालकाला. 2001 साली नियम बदलला आणि ही वाटणी फक्त बांधकाम नसलेल्या जागेपुरती उरली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. मार्च 2006 मध्ये तो बदल कायम झाला. मग जे उभं राहिलं ते रोज दिसतंच. फिनिक्स मिलचा मॉल झाला, श्रीनिवास मिलच्या जागी आकाशात घुसणारे टॉवर आले. गिरणी कामगारांच्या घरांची पहिली सोडत 2012 साली निघाली, घरं होती जवळपास सात हजार. अर्ज लाखाच्या वर होते. माझ्या वडिलांचाही होता. आम्ही तोवर डोंबिवलीला गेलो होतो.

गिरण्या गेल्यावर तात्यांनी जेवणाची वेळ बदलायला हवी होती, असं सगळे म्हणतात. त्यांचा मुलगाही म्हणतो. एक वाजता उघडा, ऑफिसवाले येतील, दर वाढवा. मलाही पूर्वी हेच वाटायचं, साडेतीनची वेळ म्हणजे वडिलांची आठवण, दुसरं काही नाही. मग एकदा मी काही न बोलता कोपऱ्यातल्या बाकड्यावर बसून फक्त बघत राहिले की जेवतंय कोण.

घरोघर डबे पोचवणारी दुचाकीवरची पोरं. बारा ते तीन ही त्यांची धावपळीची वेळ, इतरांचं जेवण गरम असताना पोचवायचं, मग स्वतःचं. टॉवरचे वॉचमन, एक सुटला की दुसरा. मॉलमध्ये फरशी पुसणाऱ्या बायका, कपड्यांच्या दुकानात दिवसभर उभ्या राहणाऱ्या मुली. त्यांना जेवायची सुट्टी मिळते ती गिऱ्हाईक कमी झाल्यावर. केईएम हॉस्पिटलच्या आया. आणि टाटाला आलेल्या पेशंटचे नातेवाईक, सकाळपासून ओपीडीच्या रांगेत बसलेले, डॉक्टरांची भेट झाल्यावरच भूक आठवणारे. यांतल्या कुणालाही एक वाजता जेवता येत नाही.

पाळी संपलेलीच नाही. भोंगा बंद झाला, गेट बदललं, कपडे बदलले. मी हे तात्यांना सांगायला गेले, जणू मला काही नवं सापडलंय. ते तव्यावरचा बांगडा उलटत होते. म्हणाले, "पाळी सुटतली, माणसां येतली." त्यांना माझ्या कितीतरी आधी कळलं होतं. डबेवाल्या पोरांना शाकाहारी ताट सत्तर रुपयांत मिळतं, भात पुन्हा मागितला तर पैसे नाहीत. पार्सल मात्र कुणालाच नाही. बसून खा, म्हणतात, ज्या पोराने दिवसभर दुसऱ्याचं पार्सल उचललं त्याने तरी बसून खावं.

आता पैशांचं. आधी एक गैरसमज दूर करते, कारण तो फार पसरलाय. तात्या पुनर्विकासाच्या विरोधात नाहीत. चाळीच्या संमतिपत्रावर पहिल्या पाचांत त्यांची सही आहे. इमारत जुनी, दुरुस्तीचा उपकर भरणारी, पागडीची. निम्म्याहून अधिक भाडेकरूंची संमती झाली की काम पुढे सरकतं, त्यामुळे त्यांनी सही केली नसती तरी कदाचित अडलं नसतं. पण त्यांनी ती मनापासून केली. वरच्या मजल्याच्या गॅलरीला लाकडी टेकू आहेत. मजल्याच्या टोकाला सामाईक संडास, म्हाताऱ्या बायका रात्री पाणी पीत नाहीत, जावं लागेल म्हणून. चाळीतल्या जगण्याची गोड गाणी गाणाऱ्यांनी तिथे एक पावसाळा काढावा असं मला कळकळीने वाटतं. माझी आई घरातल्या घरात नहाणीघर मिळालं म्हणून डोंबिवलीत पहिल्या दिवशी रडली होती.

अडलंय ते गाळ्यावर. नियमाप्रमाणे दुकानदाराला जेवढी जागा आहे तेवढी नव्या इमारतीत मिळते. तात्यांची 240 चौरस फूट आहे, 240 मिळेल. पण नकाशात ती पहिल्या मजल्यावर आहे, मागच्या बाजूला, गाड्यांच्या पार्किंगला लागून. रस्त्याच्या बाजूला टॉवरची लॉबी आणि मोठी शोरूम. तात्यांनी नकाशा आडवा-उभा करून पाहिला आणि विचारलं, "जागा तेवडीच देतत, पण रस्तो खंय?" समोरच्या, बिल्डरच्या तरुण अधिकाऱ्याला प्रश्न कळला नाही. लिफ्ट आहे ना, म्हणाला. लिफ्टच्या दाराशी वॉचमन असणार, तो नाव लिहून घेणार, कुठे जायचं विचारणार. घामाने भिजलेला, पाठीवर चौकोनी पिशवी असलेला पोरगा तिथून आत जाऊन भात मागेल, असं कुणाला वाटतं का? आणि तो वॉचमन स्वतः?

मागे जायचं नसेल तर रोख घ्या, असा दुसरा पर्याय आला. आकडा लिहीत नाही. माझ्या डोंबिवलीच्या घरासारखी दोन घरं त्यात येतील. लोक विचारतात ते याच पैशांबद्दल. तात्यांनी ते नाकारले, कारण त्यांना हॉटेल चालवायचं आहे. चौऱ्याहत्तर वर्षांच्या माणसाला आपलं काम करत राहायचं असणं इतकं विचित्र का वाटावं? डॉक्टर त्या वयात दवाखाना चालवतो तेव्हा आपण त्याला कर्मयोगी म्हणतो.

त्यांची मागणी अर्ध्या पानाची आहे. तळमजला. रस्त्याकडे दार. धूर बाहेर जायला वाट. बदल्यात जागा थोडी कमी झाली तरी चालेल, असंही त्यांनी लिहून दिलंय. गेल्या महिन्यात बिल्डरच्या वकिलांनी निरोप पाठवला की तोंडी नको, मापं द्या, मग बघू. होकार आलेला नाही. पण नकारही नाही, आणि चाळीतल्या चौदा जणांनी तात्यांच्या त्या कागदावर स्वतःहून सह्या केल्या आहेत, हे मी महत्त्वाचं मानते. त्यांना तात्यांच्या अडून बसण्याने उशीर होतोय, तरीही.

परवाच्या शनिवारी मी फीत घेऊन गेले. जेवणं आटपली होती, पाट्यावर उद्याच्या तिखल्याचं वाटण अर्धं झालं होतं, तिरफळांचा वास हाताला लागेल इतका दाट. तात्यांनी हात धुतले आणि फितीचं एक टोक धरलं, दुसरं मी. दार साडेतीन फूट. मोरी दोन बाय अडीच. चुलीपासून छत नऊ फूट. मी वहीत लिहीत होते. संपलं म्हणून फीत गुंडाळायला घेतली तर म्हणाले, "पायरी रवली."

दाराबाहेरची दगडी पायरी. मधोमध झिजून खोलगट झालेली. त्या वेळी तिच्यावर एक पोरगा हेल्मेट मांडीवर घेऊन बसला होता, फोन चार्जिंगला आत लावून. तात्यांनी त्याला उठवलं नाही. त्याच्या शेजारी वाकून त्यांनी फीत जमिनीला टेकवली.

"नव इंच. लिव गो."

मी लिहिलं.